'तुरळक ठिकाणी' म्हणजे नेमके कोठे?

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर जिल्ह्यातल्या अनेकांच्या मोबाइलवर दुपारी केव्हातरी एक संदेश येऊन पडतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण साचा ठरलेला. पुढील तीन तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना व विजांसह हलका ते मध्यम पाऊस, वारा ताशी ३० ते ४० किलोमीटर, झाडाखाली थांबू नये. टेंभुर्णीच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी असाच एक संदेश आमच्यापुढे धरला आणि विचारले, "यातल्या 'तुरळक ठिकाणी'मध्ये टेंभुर्णी येते की नाही, सांगा." मुलांनी त्यांना वर्गात हेच विचारले होते आणि त्यांना उत्तर देता आले नव्हते.

आम्हालाही तेव्हा ते धड देता आले नाही. म्हणून या तीन ओळी आम्ही एखादा पाठ्यपुस्तकातला उतारा वाचावा तशा पुन्हा पुन्हा वाचल्या. पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी करतो. लाखो लोक जे वाचतात आणि ज्यावरून कोणी कोठे जायचे, काय झाकायचे हे ठरवतात, त्या मजकुराचे परीक्षण मात्र सहसा कोणी करत नाही. ते येथे करून पाहत आहोत.

मजकुराचा कस पाहायचा तर तो कोणासाठी लिहिला आहे हे आधी ठरवावे लागते. शेतकऱ्यासाठी वेगळे कृषी-हवामान सल्ले निघतात, मच्छीमारांसाठी समुद्राचे इशारे निघतात, विमानतळांसाठी तर तासातासाची पत्रके असतात. आम्ही मुद्दाम असा वाचक निवडला आहे की ज्याच्यासाठी आपल्याकडे वेगळे काहीच लिहिले जात नाही. तो म्हणजे आगीची वर्दी घेऊन बंब कोठे धाडायचा हे ठरवणारा माणूस. त्याच्या खुर्चीत बसून हा संदेश वाचला की त्यातली उणीव चटकन दिसते.

टेंभुर्णीच्या आसपासचे रान ज्यांनी चैत्र-वैशाखात पाहिले आहे त्यांना या माणसाची अडचण समजावून सांगायला नको. हा मुळात ज्वारीचा मुलूख. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि भीमेच्या दोन्ही अंगांना ऊस आला. त्यामुळे आज या भागात दोन्ही प्रकारचे जळण एकाच वेळी पसरलेले असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघाली की कडब्याच्या गंजी वस्तीला, बहुधा गोठ्याला लागूनच लागतात. गाळप हंगाम उरकता उरकता तोडलेल्या फडांत पाचटाचा कोरडा थर पसरलेला असतो. पाचट जाळू नका, सरीत कुजू द्या, असे कृषितज्ज्ञ कंठशोष करून सांगतात. तरी पुष्कळ ठिकाणी ते पेटवलेच जाते. बाजूला कोणाचा तरी खोडव्याचा हिरवा पट्टा, बांधावर ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, आणि या सगळ्यावरून गेलेल्या, उन्हाने झोल पडलेल्या विजेच्या तारा.

आता त्यावर वारावावधान सुटले की काय होते? दोन तारा एकमेकींवर घासून ठिणग्या गळतात. सकाळी पेटवलेल्या आणि विझला असे समजलेल्या पाचटातला निखारा पुन्हा फुलतो. कोठे वीज पडून गंज पेटते. थोडक्यात, वारा आग लावतो आणि तोच ती पसरवतो. म्हणून या दिवसांत वर्दी एकटी येत नाही. अर्ध्या तासात तीन-चार येतात. जवळची नगरपरिषद कुर्डूवाडीची, वीसेक किलोमीटरवर. साखर कारखान्यांचे बंब आणि पाण्याचे टँकर मदतीला येतात हे खरे, पण तेही मोजकेच. कोणत्या वर्दीला आधी जायचे, कोणती गावकऱ्यांच्या भरवशावर सोडायची, आणि वाटेत झाड आडवे पडले तर कोणत्या रस्त्याने वळायचे, हे त्या माणसाला फोन खाली ठेवायच्या आत ठरवावे लागते.

त्याला हवामानाबद्दल तीनच गोष्टी कळायला हव्या असतात. वारा सुटणार का आणि केव्हा? सुटला तर कोणत्या अंगाने? आणि त्यामागून आग विझवण्याइतका पाऊस येणार की नुसताच धुरळा उडणार? आमच्या मते आजच्या संदेशाचा मुख्य दोष असा, की तो या तिन्हींची उत्तरे देत नाही आणि देत नाही हेही कळू देत नाही.

हा दोष समजण्यासाठी वळीव कसा येतो हे थोडे खोलात पाहू. गर्जणारा ढग वर कसा चढतो हे आपण वर्गात शिकवतो. उन्हाने तापलेली हवा वर जाते, थंड होते, बाष्पाचे थेंब होतात, आठवीच्या भूगोलात हे सारे आहे. त्याच ढगातून खाली काय उतरते, यावर मात्र आपण फारसे थांबत नाही. पाऊस उतरतो, एवढे सांगून पुढे जातो.

एक छोटे गणित करू. जमिनीजवळचे तापमान आणि दवबिंदू यांच्यातील फरकाला १२५ ने गुणले की ढगाच्या तळाची उंची मीटरमध्ये साधारणपणे मिळते. वैशाखातल्या दुपारी तापमान ४० अंश आणि दवबिंदू १६ अंश धरा. फरक २४, आणि ढगाचा तळ सुमारे ३,००० मीटरवर. म्हणजे पावसाच्या थेंबाला जमिनीवर पोचण्याआधी तीन किलोमीटर कोरड्या, तापलेल्या हवेतून यावे लागते. त्यातले पुष्कळ थेंब वाटेतच संपतात. ढगाखाली पावसाचे पडदे लोंबताना दिसतात पण जमिनीला टेकत नाहीत, हे आपल्याकडे कोणी पाहिले नाही असे नाही.

हे थेंब संपतात म्हणजे त्यांची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता ते भोवतालच्या हवेतून घेतात. माठातले पाणी थंड होते त्याच कारणाने ही हवा थंड होते. एक किलोग्रॅम हवेत एक ग्रॅम पाणी वाफ होऊन मिसळले तर ती हवा जवळजवळ अडीच अंशांनी थंड होते. थंड झालेली हवा जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आदळली की चहूकडे पसरते. सारवलेल्या अंगणात बादलीभर पाणी एकदम ओतले तर ते जसे पसरेल तसे. पसरणाऱ्या या थंड हवेची कड ढगाच्या दहा-वीस किलोमीटर पुढे धावत येते. ओल्या मातीचा वास, अंगावर गार झुळूक आणि मग एकदम उठलेला धुरळा हा क्रम आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. तो वास दुसऱ्याच्या शिवारात पडलेल्या पावसाचा असतो. आपल्याकडे अजून थेंबही पडलेला नसतो.

म्हणजे वारा पावसाच्या आधी येतो, आणि पाऊस न येताही वारा येऊ शकतो. ढगाचा तळ जितका उंच आणि खालची हवा जितकी कोरडी, तितका पाऊस कमी आणि वारा जोराचा, असा हा उफराटा व्यवहार आहे. अश्विनी-भरणीतला वळीव म्हणूनच रोहिणीतल्या पावसापेक्षा आगीच्या दृष्टीने जास्त धोक्याचा. पुढे हवेत बाष्प वाढते, ढग खाली उतरतात आणि धोका ओसरतो.

दुसरी गोष्ट दिशेची. दिवसभर रानात जो वारा वाहत असतो त्याच्याशी या वाऱ्याचे काही नाते नसते. हा ढगाकडून येतो, मग ढग कोठेही असो. दुपारभर पश्चिमेकडून वाहणारा वारा पाच मिनिटांत पूर्वेचा होऊ शकतो. आता फळ्यावर एक लांबट आकृती काढा. पश्चिमेच्या मध्यम वाऱ्यावर पाचटाची आग पूर्वेकडे सरकत आहे. ती ६०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद झाली आहे. आगीचे तोंड फक्त ५० मीटरचे आहे. दोन्ही लांब कडा वाऱ्याला समांतर असल्याने धुमसत, हळूहळू पसरत आहेत. दहा माणसे हिरव्या फांद्या घेऊन ते तोंड थोपवू शकतील. एवढ्यात उत्तरेला उभ्या असलेल्या ढगातून वारा सुटला. क्षणात दक्षिणेकडची ६०० मीटरची कड हेच आगीचे तोंड झाले. आग तेवढीच आहे, तिचे तोंड मात्र बारा पटींनी रुंदावले आहे. आणि ज्या बाजूला आग जाणार नाही म्हणून बैलगाडी, मोटारसायकली आणि बघे उभे होते, ती बाजू आता तिच्या वाटेत आली आहे.

जोराचे गणितही मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा ताशी १५ वरून ४५ किलोमीटरवर गेला तर दाब नऊपट. आगीच्या धावेबद्दल अभ्यासकांचा एक ठोकताळा आहे. रान चांगले वाळलेले असेल तर झाडाझुडपांत आग वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे एक दशांश वेगाने पळते आणि सुक्या गवतात एक पंचमांश वेगाने. वारा ४० चा असेल तर आग ताशी चार ते आठ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीपासून धावेपर्यंत. कुर्डूवाडीहून निघालेल्या बंबाला वीस किलोमीटर यायला अर्धा तास लागला असे धरा. तेवढ्यात आग दोन ते चार किलोमीटर सरकलेली असेल, अर्थात तेवढे सलग जळण तिला मिळाले तर. ज्या पत्त्यावर वर्दी दिली होती तेथे बंब पोचेल तेव्हा तेथे राखच असेल. वाऱ्याच्या संध्याकाळी वर्दी आल्यावर निघून भागत नाही. कोठे थांबून राहायचे हे वर्दीआधी ठरवावे लागते, आणि म्हणूनच अंदाजाचे महत्त्व.

आता त्या तीन ओळींकडे परत वळू.

'तुरळक ठिकाणी' ही हवामान खात्याची पारिभाषिक संज्ञा आहे, नुसता बोलीतला शब्द नव्हे. एखाद्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक ठिकाणी. २६ ते ५० टक्के असेल तर काही ठिकाणी. ५१ ते ७५ टक्के असेल तर बऱ्याच ठिकाणी. त्याहून अधिक असेल तर बहुतेक ठिकाणी. व्याख्या चोख आहे. पण यातले 'ठिकाण' म्हणजे गाव नव्हे, पर्जन्यमापक असलेले केंद्र. आणि मोजदाद पावसाची आहे, वाऱ्याची नाही. ज्या केंद्रावरून नुसता वारा गेला, धुरळा उडाला, दोन गंजी पेटल्या आणि पर्जन्यमापक कोरडा राहिला, ते केंद्र या टक्क्यांत धरलेच जात नाही. म्हणजे बंब धाडणाऱ्याच्या दृष्टीने जी सर्वांत वाईट संध्याकाळ, ती या भाषेत 'काही घडले नाही' अशी नोंदली जाते. सरांच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की तुरळक ठिकाणी पाऊस पडणार असेल तेव्हा वारा त्याहून पुष्कळ अधिक ठिकाणी सुटणार, आणि टेंभुर्णी त्यात असण्याची शक्यता संदेश वाचून वाटते त्यापेक्षा जास्त आहे.

'हलका ते मध्यम' याची गंमत पाहा. चोवीस तासांच्या अंदाजात हलका म्हणजे २.५ ते १५.५ मिलिमीटर आणि मध्यम म्हणजे १५.६ ते ६४.४ मिलिमीटर. दोन्ही जोडले की अडीचपासून साडेचौसष्टपर्यंत, पंचवीसपटींचा पल्ला. अडीच मिलिमीटरने पाचटाचा वरचा थर ओलसर होईल इतकेच; चाळीस मिलिमीटर पडला तर बंबाची गरजच नाही. तीन तासांच्या तात्कालिक इशाऱ्यात हेच शब्द ताशी पावसाला लावतात, तेव्हा मापे आणखी वेगळी. वाचणाऱ्याला यातले काहीच सांगितलेले नसते.

वाऱ्याचा आकडा तेवढा स्पष्ट वाटतो, पण ३० ते ४० हा सलग वाहणारा वारा की एखादाच झोत? वादळातला वारा झोतांनी येतो, आणि वादळी झोताची हवामानशास्त्राची कसोटीच अशी आहे, की वेग एकाएकी तीसेक किलोमीटरने वाढून ताशी ४० च्या वर जावा व निदान मिनिटभर टिकावा. बोफोर्टच्या मापाने ३० ते ४० म्हणजे लहान झाडे डोलण्यापासून मोठ्या फांद्या हलू लागेपर्यंतचा वारा. हे असे लिहिले तर कोणालाही कळेल. दिशेबद्दल तर एक अक्षर नसते.

क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी पाऊस, मग शेवटी वारा. प्रत्यक्षात उलट घडते. हा क्रम कोणी हट्टाने लावलेला नाही. तो इतिहासातून आला आहे. १८६४ साली कलकत्त्यावर मोठे चक्रीवादळ आले, पाठोपाठ १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला, आणि त्यातून १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. समुद्रावरचे वादळ आणि जमिनीवरचा दुष्काळ ही त्याची जन्मापासूनची दोन काळज्या. १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त सुरू झाले तेही पावसाभोवतीच फिरणारे असणार हे उघड आहे. दीडशे वर्षे ज्या देशाने आभाळाकडे पाण्यासाठी पाहिले, त्याच्या अंदाजाचे व्याकरण पावसाचे असावे यात नवल नाही. पण वाचक बदलला की व्याकरणही थोडे बदलावे लागते.

हवामान खात्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक हिशोब मांडतो. सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,९०० चौरस किलोमीटर, तालुके अकरा. वळवाच्या एका ढगाचा व्याप साधारण शंभर चौरस किलोमीटर, म्हणजे जिल्ह्याच्या दीडशेवा हिस्सा; आणि आयुष्य तासाभराचे. दुपारी एक वाजता संदेश निघतो तेव्हा पाच वाजता टेंभुर्णीवर येणारा ढग जन्मालाही आलेला नसतो. त्याचे गाव आधी सांगा म्हणणे हा अडाणीपणा होईल. आमची मागणी गावाची नाही. जे शास्त्राला त्या वेळी ठाऊक असते, म्हणजे हवा किती कोरडी आहे, ढगाचा तळ किती उंच असेल, आज वारा जास्त की पाऊस जास्त, तेवढे तरी सांगा, इतकीच आहे. हे दुपारच्या आधीही सांगता येते.

जंगलांसाठी अशी काही सोय आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या सूचना वनविभागांना पाठवते. पण त्या जंगलासाठी. सोलापुरात जंगल नावापुरते. आपला ऊस आणि कडबा त्या हिशोबात बसत नाही. शिवाय यासाठी वापरल्या जाणाऱ्या उपग्रहांपैकी एक महत्त्वाचा उपग्रह आपल्यावरून दुपारी व रात्री दीडच्या सुमारास जातो. वळवाची आग लागते संध्याकाळी पाचला.

अमेरिकेत आगीसाठी वेगळे हवामानवृत्त कित्येक दशकांपासून निघते. त्यात आर्द्रता, झोतांचा वेग, वारा केव्हा फिरेल आणि विजा पावसासह की कोरड्या, हे असते. एखाद्या विशिष्ट आगीच्या जागेसाठी स्वतंत्र अंदाज मागवताही येतो. तरीही तेथील दोन घटना आपण ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. ६ जुलै १९९४ रोजी कोलोरॅडो राज्यातील स्टॉर्म किंग डोंगरावर वारा अचानक वाढला आणि आग विझवणारे १४ जण मृत्युमुखी पडले. त्या वाऱ्याचा अंदाज हवामान कार्यालयाने आधी दिलेला होता. तो डोंगरावरच्या तुकड्यांपर्यंत पोचला नव्हता. कागद बरोबर होता, पण कचेरी आणि डोंगर यांच्यामध्ये कोठेतरी थांबला. दुसरी घटना ३० जून २०१३ ची, ॲरिझोनातील यार्नेलची. गडगडाटी वादळातून सुटलेल्या वाऱ्याने आगीची दिशा फिरवली आणि एका पथकातले १९ जण गेले. तेथे वाऱ्याचा इशारा पोचलेला होता. वर काढलेल्या आकृतीत जे घडते तेच तेथे घडले, आगीची कड तिचे तोंड झाली. वारा फिरणार एवढे कळणे आणि त्याने कोणती बाजू पेटेल हे डोळ्यांपुढे येणे, यात मोठे अंतर आहे.

एवढे लांब कशाला, १३ मे २०२४ ची मुंबई आठवा. दुपारी धुळीचे वादळ उठले आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरातफलक कोसळून १७ जणांचे प्राण गेले. वाकलेले लोखंड कापायचे, तर खाली पेट्रोलचा साठा असल्याने गॅस कटर चालवणे धोक्याचे, अशा पेचात अग्निशमन दलाला काम करावे लागले. त्या दिवशीचे खरे संकट वारा होता. पाऊस किती मिलिमीटर झाला हे आज कोणाला आठवतही नाही.

अलीकडे यंत्रणा सुधारत आहेत हे मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचे अंदाज देण्यास सुरुवात झाली. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत तयार झालेली, सहा किलोमीटरच्या जाळ्याची प्रणाली हवामान खात्याने वापरात आणली. आधीचे जाळे बारा किलोमीटरचे होते. हे मोठेच काम आहे. पण सहा किलोमीटरच्या जाळ्यात दहा किलोमीटरचा ढग नीट सापडत नाही, जसा मोठ्या छिद्रांच्या चाळणीत बारीक खडा सापडत नाही. त्यामुळे गावाच्या नावापुढे दिसणारा वाऱ्याचा आकडा दिवसाच्या नेहमीच्या वाऱ्याचा असतो, ढगातून सुटणाऱ्या झोताचा नव्हे. गावाचे नाव छापले म्हणजे अंदाज त्या गावाचा झाला, असा समज यातून पसरेल अशी आम्हाला धास्ती वाटते.

याच संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइलवरचे साधन आम्हाला या कामासाठी अधिक उपयोगी वाटते. आपल्या भोवती २० ते ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते सांगते. ते माणसे वाचवण्यासाठी आहे, पण बंब धाडणाऱ्याने ते वाऱ्याचा इशारा म्हणूनही वाचावे. वीस किलोमीटरवर वीज पडत आहे याचा अर्थ गार वाऱ्याची कड अर्ध्या-पाऊण तासात येथे असू शकते, आणि तिची दिशा त्या विजेकडून इकडे. आणखी एक साधन आपल्या दाराशी आहे. 'महावेध' प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांमध्ये दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. पीकविम्याच्या वादात त्यांचा पाऊस आणि तापमान सगळ्यांना आठवते; वाऱ्याचा वेग आणि दिशाही ती टिपतात, तिकडे कोणाचे लक्ष नसते. पूर्वेच्या मंडळात वारा एकाएकी फिरला की पश्चिमेच्या तालुक्याला फोन करायला कोणत्याही नव्या यंत्राची गरज नाही.

टीका करणाऱ्याने स्वतः लिहून दाखवावे, हा न्याय आम्ही मान्य करतो. आमचा मसुदा असा: "आज दुपारी चार ते रात्री आठ दरम्यान जिल्ह्यात गडगडाटी ढग येतील. पाऊस थोड्याच गावांत पडेल, वारा मात्र पुष्कळ गावांत सुटेल. तो पावसाआधी येईल, एकाएकी येईल आणि ढग दिसतो त्या बाजूने येईल. हवा फार कोरडी आहे; पावसाने आग विझेल असे धरू नका. पाचट पेटवू नका. पेटवलेले असेल तर चारच्या आत पाणी मारून विझवा." शब्द आजच्या संदेशापेक्षा थोडे जास्त आहेत, पण एकही आकडा अंदाजाने घातलेला नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, तो आम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात पिवळा रंग आधीच इतक्या वेळा झळकतो की लोक तिकडे पाहत नाहीत. त्यात रोज वाऱ्याचे असे लांबलचक वर्णन आले तर तेही कोणी वाचणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. म्हणून असा मजकूर सगळ्यांच्या मोबाइलवर न पाठवता जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातून तालुक्याच्या, नगरपरिषदेच्या आणि कारखान्याच्या बंबापर्यंत जावा, आणि तोही ज्या दिवशी हवा खरोखर कोरडी आहे त्याच दिवशी. दमट दिवशीचा वळीव आणि कोरड्या दिवशीचा वळीव यांना एकच रंग देणे हेच मुळात चुकीचे आहे.

शिक्षकांना यातून वर्गात करण्यासारखे पुष्कळ आहे. दोन साधे तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा, दुपारी दोन वाजता दोन्ही वाचा. तक्त्यावरून दवबिंदू काढा आणि १२५ चे गणित करून ढगाचा तळ काढा. गच्चीवर काठीला फीत बांधून दिशा पाहा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागा, म्हणजे विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळेल. हे शेवटचे काम वर्गाच्या आतून, खिडकी लावूनच करावे, गच्चीवरून नव्हे.

टेंभुर्णीच्या सरांनी एक वही घातली आहे. तिच्यात पाच रकाने आखले आहेत: संदेश किती वाजता आला, गार झुळूक किती वाजता लागली, कोणत्या बाजूने, पहिला थेंब किती वाजता पडला, आणि गावात कोठे काही पेटले का. ही वही ते कुर्डूवाडीलाही दाखवणार आहेत. आम्ही पाहिली तेव्हा तिच्यात फक्त तारखा लिहिलेल्या होत्या. बाकीचे रकाने रिकामे होते, कारण वळीव अजून यायचा होता.